मुंजाबाचे बूट

तीर्थरूप बानाक्कास, केरबाचा दंडवत.

मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्या धाकट्या मुंजाबाला मी शहागंजातून पाठवलेले काउबॉय बूट घोडीवर बसताना घालू देऊ नकोस. माझ्या तसल्याच बुटाचा खाचांचा रबरी तळ काल रिकिबीत अडकला आणि घोडीनं मला लई फरफटवलं. उठल्यावर रागात मी तिलाच चाबकानं मारलं. जिच्यापायी कॉलेज सोडलं, ती पोरगी बघत होती. "लाज नाय वाटत? पाय तुझा अडकला, अन् मारतोस तिला?" म्हणाली अन् निघून गेली.

बुटाला टाच हवी, तळ गुळगुळीत चामड्याचा हवा, म्हणजे पाय सहज निसटतो. मी नुसता रुबाब बघितला.

मुंजाबा माझ्यासारखाच हट्टी. ऐकलं नाही तर त्याला सगळं सांग, चाबकासकट. त्याच्या नजरेतून उतरलो तरी चालेल.

तुझाच,
केरबा