गावाहून येणारी गोळी

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मायक्रोस्कोपखाली एखादी स्लाइड अडली की मी अजून तुमच्याशीच वाद घालते. पुण्यात एकदा केसपेपर न वाचताच मी ‘कॅन्सर’ म्हणून मोकळी झाले होते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “काच बोलत नाही, पेशंट बोलतो. वॉर्डात जा, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारून ये.” मी रडत जिने उतरले. चार दिवस तुमच्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी तुम्हीच माझ्यापुढे चहाचा कप सरकवलात. तुमचा राग यायचा, पण तुम्ही मला फार आवडायचात.

आता मी आखातात, फुजैराच्या एका हॉस्पिटलात आहे. तीन महिन्यांपूर्वी चोवीस वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या गाठीचा तुकडा तपासायला आला. दिसायला सरळसरळ कातडीतला लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच. फॉर्मवर औषधांपुढे ‘नाही’. मी रिपोर्ट लिहिला, सही तेवढी राहिली होती. तेवढ्यात बाहेरच्या खिडकीशी कुणीतरी फोनवर बोलतंय, “अम्मी, रिपोर्ट आज देतील इन्शाल्ला, तू रडू नको.” रत्नागिरीकडची मराठी. नाव विचारते, तर माझ्या समोरच्या रिपोर्टचीच मुलगी. मी तिला आत बोलावते, गोळ्यांचं विचारते. “काहीच नाही डॉक्टर.” मग विचारते, “गावाहून काही येतं?” ती दाराकडे बघते. नवरा गाडी पार्क करायला गेलाय.

“फिट्सची गोळी. लहानपणापासून आहे. लग्नात अम्मीने लपवलं. कोकमाच्या पुड्यात घालून पाठवते. चार महिन्यांपूर्वी गावच्या डॉक्टरनी नवी दिली. यांना कळलं तर?”

फिट्सच्या काही गोळ्यांनी अगदी कॅन्सरसारख्या गाठी येतात, हे तुम्हीच शिकवलंत. मी सही केली नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू बदलली आणि गाठी विरल्या. नवऱ्याला तिने स्वतःच सांगितलं. तो माझ्यासमोर तिला म्हणाला, “एवढंच ना? खलास. आता गोळी इथूनच घेऊ.” 

तुम्ही माझी पाठ थोपटली असती, म्हणूनच हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही ते बरं. तुमचं ऐकून मी खुर्चीतून उठले नव्हते, सर. ती मराठी बोलली म्हणून उठले. आदल्याच आठवड्यात एका पठाण ड्रायव्हरच्या फॉर्मवरही ‘नाही’ होतं. तशीच गाठ, तसाच तुकडा. त्याला मी काही विचारलं नाही, कॅन्सरच्या रिपोर्टवर सही केली. तो मुलुखाला निघून गेला. रोज त्याचा नंबर लावते, लागत नाही.