डरकाळी फोडणारं हॉटेल

रक्षाच्या बाबांले अमेरिकेतून शकूचा वाकून नमस्कार. मी बरी आहो, गुडघाही दुखत नाई.

फोनवर बोलताना रक्षा जवळच असते, म्हणून हे लिहून राह्यली.

काल तिनं आम्हाले एका मोठ्या पार्कातल्या हॉटेलात जेवाले नेलं. आत छताएवढे डायनासोर उभे. मले वाटलं, पुतळे असतीन. पहिला घास घेतला अन् सारे दिवे लाल झाले, जमीन हादरली, अन् माह्या मागच्या डायनासोरनं मान वळवून डरकाळी फोडली!

नातीले उचललं अन् चपला तिथंच टाकून दाराकडं पळत सुटली. रक्षा मागून ओरडली, "आई, मशीन आहे वो ते!" सारं हॉटेल माह्याकडं पाहून राह्यलं होतं.

पंधरा दिवस माह्याजवळ न येणारी अन्वी मात्र गळ्याले घट्ट बिलगली. म्हणते, "आजी, अगेन पळ!"

डायनासोर तं मशीनचा निघाला, पण तिकडं खरं जनावर फिरून राह्यलं. आपल्या शेजारच्या काजलनं फोनवर सांगितलं, आपल्या वावराकडं वाघ दिसला म्हणे. तुम्ही मले काऊन नाई सांगितलं? रक्षाले मी बोलली नाई, उगीच घोर करीन. मी येईपर्यंत एकटे ओलिताले जाऊ नका. आदेशभाऊजींले संगं नेजा.

तुमचीच,
शकू