बी-विंगच्या किडन्या

४ जानेवारी, सकाळी ७.१०
संकल्प: बी-विंगमधल्या नऊ डायबेटिक लोकांना यंदा किडनी नावाचा अवयव समजावणे. अज्ञान भयानक आहे. समोरच्या शेवंतीकाकूंचं म्हणणं, साखर रगतात आसता, मगे किडनीचो संबंध खंय इलो? मी आकृती काढून दिली. त्यांनी कागदाच्या मागे भाजीची यादी लिहिली.
डायबेटिस मलाही आहे, चार वर्षं. पण माझी केस वेगळी. मी इंजिनिअर आहे, माझ्याकडे शुगरचा ग्राफ आहे.

११ जानेवारी
सोसायटी ऑफिसात प्रेझेंटेशन. चौदा स्लाइड्स. मुख्य मुद्दा: किडनी बरीच बिघडेपर्यंत काहीच जाणवत नाही, म्हणून दर वर्षी लघवीतलं प्रोटीन तपासा. नंदकिशोरकाकांचा प्रश्न: पाय सुजले नाहीत तर कशाला? अशा माणसांना मतदानाचा हक्क आहे.
माझी तपासणी राहिली आहे. ऑफिसात ऑडिट. शिवाय माझे पाय अजिबात सुजत नाहीत.

१७ जानेवारी
उद्या सोसायटीत तपासणी शिबिर. काकूंचा तीन दिवस भात बंद. का, तर रिपोर्ट बरो येवक होयो. डॉक्टरांना फसवून या लोकांना कुठलं बक्षीस मिळणार आहे?

१८ जानेवारी
बाटल्यांना लेबलं लावायचं काम मीच घेतलं. दुसऱ्या कुणावर विसंबणं शक्य नव्हतं. नऊ बाटल्या झाल्या आणि काकू सगळ्यांसमोर ओरडल्या, मास्तरीणबाय, तुझी खंय? लोक हसले. द्यावी लागली. आधी दीड लिटर पाणी प्यायले. पाणी केव्हाही चांगलंच.

२१ जानेवारी, दुपारी २.४०
रिपोर्ट. लघवीतल्या प्रोटीनचा आकडा तीसच्या आत हवा. काकू ९. मी १४२. अशक्य.

२.५५
उलगडा झाला. लेबलांची अदलाबदल. आमच्या बाटल्या शेजारीशेजारी होत्या. माझ्या हातून चुका होत नाहीत, पण ही एक मी मोठ्या मनाने मान्य करते.

संध्याकाळी ७
काकूंना शांतपणे सांगितलं, ते १४२ तुमचं असणार. त्या खुर्चीत बसल्या. देवेशला, म्हणजे मुलाला, फोन लावायला गेल्या तर नंबर सापडेना. मग मला म्हणाल्या, जावंदे, तू तरी वाचलंस.
मला फार हलकं वाटलं. त्यांच्यासाठी वाईटही वाटलं, अर्थात.

२४ जानेवारी
दोघींची फेरतपासणी. लेबलं लॅबवाल्यांनी लावली. पाणी दोन लिटर.

२५ जानेवारी
काकू ८. मी १५१.
शिबिराच्या डॉक्टर क्षमा म्हणाल्या, हे प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर असतं, कितीही पाणी प्यायलात तरी फरक पडत नाही. मला हे माहीत होतं. सुरुवातच आहे, गोळी सुरू करू, म्हणाल्या. मग दोघींचे आधीचे रिपोर्ट मागितले.
काकूंनी पिशवीतून फाईल काढली. म्युनिसिपल दवाखान्यातले पाच वर्षांचे पाच कागद. तपासणी किडनीची आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टर सांगतत म्हणान करतंय.
मी म्हटलं, माझे नाहीत.
आता टोमणा येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. काकूंनी पिशवीत परत हात घातला, एक कोरी फाईल माझ्या मांडीवर ठेवली. घे गो, पयलो कागद ह्याच्यात घाल.