गरम मातीतली अंडी

प्रिय आणि तितक्याच हट्टी मामा,

रविवारी फोनवर तू हसत सांगितलंस, की डोंगराखालच्या मातीतून उकरलेली रानपक्ष्यांची तीन अंडी आयतीच उकडलेली निघाली, सरपण वाचलं. मला हसू आलं नाही. तेव्हापासून चारदा फोन केला. दर वेळी मामीचं एकच उत्तर, "तो खड्ड्यात आहे." अरे, तिथेच तर असायला नको! शेवटी रबाऊलच्या बाजारातून परतणाऱ्या होडीवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे.

किती वेळा सांगायचं? जमिनीखालचा शिलारस भोवतालच्या खडकाहून हलका, म्हणून वर सरकतो. वर येताना दाब उतरतो आणि त्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन सुटतात. वाट मिळाली तर नुसता धुमसतो, तोंड बुजलं तर डोंगर फोडतो. हे समजावं म्हणून आमच्या ज्वालामुखी वेधशाळेतर्फे सोड्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं, तर तू गावासमोर विचारलंस, "मग बाटली हलवतंय कोण? तुम्ही वेधशाळेवालेच ना?" गाव अजून मला बाटलीवाली म्हणतं.

मामा, अंडी उकडण्याइतकी माती तापली म्हणजे शिलारस वर येतोय, आणि त्याच्या आधी त्याचे वायू पोचतात. त्यातला एक जड, बिनवासाचा, खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. आणि रानपक्षी गरम मातीत पुरून गेलेली अंडी काढायला तू कमरेपर्यंत उलटा आत शिरतोस! तुझं डोकं दुखतं, अंधारी येते, ते सुपारीने नाही.

सहा वर्षांची होते तेव्हा मातीची ऊब ओळखायला तूच शिकवलंस. "कोपरापर्यंत सोसवलं तर खणायचं, नाहीतर सरळ घरी जायचं." आता तुलाच सोसवत नाही, तर हाताला केळीचं पान गुंडाळतोस. हे कुठलं शहाणपण?

खरी गोष्ट लिहायला धीर होत नव्हता. तुझी ती तीन अंडी मी अहवालात घातली. आमची यंत्रं माथ्यावर आहेत, तुझ्या खड्ड्यात नाहीत. घरातलं बोलणं कचेरीत न्यावं का, यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. मग नेलं. 'टोलिगुर यांनी सांगितले' असं तुझं नावही लिहिलं, ते गाळणं खोटेपणा वाटला. अंड्यांची जमीन सहा महिने बंद करायचा हुकूम निघाला आहे. त्यावर निरीक्षक म्हणून माझी सही आहे. जमीन आपल्या आईकडच्या कुळाची, राखणदार तू. तिथे परक्याने पाटी ठोकलेली मला बघवणार नाही, म्हणून शुक्रवारी मीच येते आहे. शिव्या दे, सगळ्या गावासमोर दे. फक्त खड्ड्याबाहेर उभा राहून दे.

तुझीच भाची,
इआतिनाइ