मिठाचा हात

२ सप्टेंबर, मंगळवार. नांदेड.
लिहायला बसले, कारण आज सुनेला मी केलेली आंबील मोरीत ओतताना पाहिलं. पातेलंभर. विचारलं तर सुरेखा खाली बघत म्हणाली, "आत्याबाई, खारट झाली होती."
काल महालक्ष्म्यांचा नैवेद्य. तो दाखवायच्या आधी आमच्यात चव घेत नाहीत, मीठ हाताच्या अंदाजाने पडतं. चाळीस वर्षं माझ्याच हाताने. पंगतीतल्या बायका गुमान जेवल्या, वर छान झालंय म्हणाल्या. किळस आली सगळ्यांची.
पातेल्याला लागलेली बोटाने चाखली. मला बरोबर लागली.

५ सप्टें.
अविनाशने, पोटच्या पोराने, चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, आज वार कोणता? मोबाईलवर काहीतरी वाचून आलाय. शुक्रवार, म्हटलं, आणि तुझी दाढी वाढलीय.
खरं ते इथे लिहायला हरकत नाही. समोरच्या बाईचं नाव दुपारी आठवलं नाही, संध्याकाळी भाजी निवडताना आपोआप आलं. चष्मा कपाळावर, शोध घरभर. गुडघे. हनुवटीवर दोन राठ केस. शी.

१० सप्टें. लातूर.
धाकट्या जावेला, कमलला भेटायचं म्हणून आणलं आणि थेट दवाखान्यात. फसवणूक. डॉक्टर अविनाशशीच बोलत होता, तेही ओरडून. म्हटलं, माझ्याशी बोला, मला ऐकू येतं. मग कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. केले. म्हणाला, वयाने जिभेची चव आणि नाकाचा वास कमी होतो, नावं उशिरा आठवतात. नेहमीची वाट चुकायला लागलात, चमचा कशासाठी असतो हेच कळेना झालं, तर या. "हा आजार नाही आजी, वय आहे."
आजाराला गोळी तरी असते.
संध्याकाळी खारट आंबिलीचं सांगितलं, तर कमल भाकरी थापता थापता बोलून गेली, "तीन वर्सं झाली की अक्का. आमी तांब्या भरून घेऊनच बसताव तुमच्या पंगतीला."
तीन वर्षं. देवीपुढेही तेच ठेवत होते मी.

१४ सप्टें. नांदेड.
परवा पितृपंधरवड्यातला ह्यांचा पक्ष. तो स्वयंपाकही न चाखता करायचा. अविनाश म्हणतो, आचारी सांगू. ह्यांना परक्या हातचं कधी गेलं नाही. सुरेखा म्हणाली, सगळं तुम्हीच करा, फक्त मीठ मी घालते.
फक्त मीठ.

१६ सप्टें.
कढी, वडे, भाज्या माझ्या हातच्या. मीठ तिने घातलं. मी तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून उभी.
नैवेद्यानंतर चाखलं. अळणी. अविनाश म्हणाला, एकदम बरोबर. लातूरहून कमल आली होती, तिने कढी दोनदा घेतली. पण छान तर त्या दिवशीही म्हणालेच होते.
सगळे उठल्यावर कमलच्या पाटाजवळचा तांब्या उचलून पाहिला. जवळजवळ भरलेला.
सुरेखाला दिली: मिठाची चिनी मातीची बरणी, झाकणासकट.
महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीची किल्ली: दिलेली नाही. पुढच्या महालक्ष्म्यांना वर्ष आहे.