एकनंतर दहा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढत नाहीस ना? मी तशी धडधाकट आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि तेही चोवीस परक्या डोक्यांपायी.

मागे फोनवर तू विचारलंस, "तू तिथे नक्की करतेस काय गं?" तर ऐक. आमच्या प्रयोगशाळेत बारा वयस्कर आणि बारा तरुण माणसांना एकेक करून स्कॅनच्या मशीनमध्ये झोपवलं, शब्द पाठ करायला लावले आणि मेंदूची चित्रं काढली. (एक आजोबा आत चक्क घोरले, त्यांना पुन्हा बोलवावं लागलं.) माझं काम त्यापुढचं. प्रत्येकाच्या मेंदूतल्या स्मरणाची ठरावीक जागा किती उजळते त्याचा एकेक आकडा काढायचा, दोन्ही गटांची सरासरी मांडायची आणि अहवाल लिहायचा. निकाल असा देखणा आला म्हणून सांगू! वयस्करांची ती जागा तरुणांपेक्षा जास्त उजळलेली! आमचे सर हरखून संचालकांकडे गेले आणि संचालकांनी दुसऱ्याच दिवशी मुख्य दाराशी भलंमोठं पोस्टर लावलं. मग आठवडाभर सरांनी माझा जीव खाल्ला तो रंगांवरून. लाल फार भडक, केशरी फार फिकं, मेंदूची डावी बाजू उजवीकडे का (चित्रात तशीच दाखवतात, हे मला त्यांनीच शिकवलंय). आकड्यांकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही.

काल मी पाहिलं. आत्या, कॉम्प्युटर फायली कशा लावतो माहितीये? एकनंतर दोन नाही, एकनंतर दहा! मग अकरा, बारा, असं थेट एकोणीसपर्यंत, आणि मग कुठे दोन. माझी वयांची यादी मात्र एक, दोन, तीन अशी शहाण्यासारखी सरळ, पहिले बारा वयस्कर, पुढचे बारा तरुण. आणि दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवल्या कुणी, तर मी. म्हणजे वयस्कर म्हणून मोजलेल्या बारांत सात जण कॉलेजातली पोरं निघाली! यादी नीट लावली तर दोन्ही गट सारखेच. फरक गायब. तेव्हापासून तीनदा सरांच्या केबिनपर्यंत जाऊन आले. पहिल्यांदा ते फोनवर होते, दुसऱ्यांदा खुशीत होते, तिसऱ्यांदा त्यांनी मलाच बसवून चहा पाजला. आता अशा माणसाला काय सांगणार, तूच बोल!

घरातल्या मोठ्यांना नमस्कार.

तुझी वैतागलेली भाची

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. सर शाळेत तुझ्याकडे गणित शिकले आणि तुझा विषय निघाला की अजून खुर्चीत ताठ बसतात. तेव्हा तेवढं त्यांना तूच फोन करून सांग ना. प्लीज.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच सर टेबलाशी आले आणि माझ्या तोंडून सगळं निघूनच गेलं. मग म्हणाले, "चूक शोधली कुणी?" म्हटलं, "मी." "आणि केली कुणी?" "तीही मीच." "चला, एकाच माणसावर भागलं," म्हणाले आणि अहवाल थांबवला. आता फक्त संचालकांना सांगायचं राहिलंय. सर विचारताहेत, तेही तुझ्याच वर्गात होते का?