मिहीरची फी भरायला गेलो त्याची हकीकत

पिस्कॅटवे, १४ सप्टेंबर

चि. गिरीश यास उल्हासभावोजींचे आशीर्वाद.

अर्विंगला रीमाचा गुडघा आणि तुझा आळस दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे तुझी ताई बरी आहे. रक्तदाब सोडला तर माझंही उत्तम. फोन न करता पत्र लिहितोय, कारण मी फोनवर बोलायला लागलो की ती शेजारी उभी राहून माझ्या चुका काढते.

तर तुझ्या लाडक्या भाच्याला फिलाडेल्फियाजवळच्या त्या महागड्या खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला, हे मला कोणी सांगितलं? त्यानं नाही. (कॉलेज सोडून अमेरिकन आर्मीत जातोस तर या घरातून एक डॉलर मिळणार नाही, असं मी म्हणालो, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलत नाहीत. सुटीत तुझ्याकडे उतरायचे, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस.) तुझ्या ताईनंही नाही. ती त्याच्याशी रोज दार लावून बोलते. मला सांगितलं मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, मंडळातल्या त्या संजयनं. वर मोठ्यांदा म्हणाला, "सगळी फी सरकार देतंय म्हणे, आर्मीत होता म्हणून." मी पाच वर्षं मंडळात 'मिहीर डिफेन्स कन्सल्टिंगमध्ये आहे' असं सांगत आलो होतो. शिवाय शिकतोय काय, तर इतिहास. रांगेतल्या चार बायका वळून बघायला लागल्या.

आता तूच सांग, आपल्यात बाप घर गहाण टाकतो, पण मुलाची फी दुसऱ्याला भरू देतो का? बाप जिवंत असताना सरकारी मदत घ्यायला माझा मुलगा काय अनाथ आहे? सोमवारी टाय लावला, चेकबुक घेतलं, त्याच्या जन्मदाखल्यापासून सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स बँकेतल्या नोटरीबाईंकडून शिक्के मारून घेतल्या (त्या बाई हसल्या, हे मी लक्षात ठेवलंय) आणि विद्यापीठात माजी सैनिकांच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो.

तिथे कोपरापर्यंत गोंदवलेला एक गडी. दर वाक्याला 'सर', पण काम शून्य. झेरॉक्सना हात लावला नाही. मला विचारतो, "तुम्ही डिपेंडंट का?" म्हटलं, तो माझा डिपेंडंट, जन्मापासून. तेव्हा त्यानं समजावलं की सैनिकाला आपली सवलत बायकोला किंवा मुलांना देता येते, वडील त्यात बसत नाहीत. म्हणजे बासष्टाव्या वर्षी मी पोराच्या जिवावर डिग्री करायला आलोय असं त्याला वाटलं! मग मिहीरचं नाव सांगितलं, तर म्हणे विद्यार्थ्यानं ज्यांची नावं दिलीत त्यांच्याशीच बोलता येतं, आणि तुमचं नाव यादीत नाही. अरे, त्याच्या नावाच्या मधोमध माझं नाव आहे. शेवटी चेक पुढे केला. त्यानं तो तसाच परत सरकवला आणि म्हणाला, "या योजनेत जे शिकतात त्यांची फी आधीच भरलेली असते, सर. नोकरी करून. ही मदत नाही." एकोणिसाव्या वर्षापासून स्वतः कमावलेली फी! असल्या देशाशी काय बोलणार?

रविवारी संजय घरी हजर. ही स्कीम त्याच्या मुलाला, कुशला, कशी मिळेल, विचारत होता. म्हटलं सोपं आहे, पहाटे चारला उठून चिखलात लोळायचं आणि सांगतील त्या देशात जायचं. तर म्हणतो, "काही शॉर्टकट नाही का यार?" मला इतका संताप आला की त्याला चहासुद्धा विचारला नाही. माझ्या मुलानं चार वर्षं काय काढलंय, याला काय कळणार? (मलाही कळलेलं नाही. कधी विचारलंच नाही.)

असो. पत्र लांबलं. रीमाला नमस्कार सांग.

तुझा,
उल्हास

ता. क. हे पत्र ताईला वाचून दाखवू नकोस.

ता. क. २. ऑक्टोबरात मिहीरच्या विद्यापीठात पालकांचा दिवस आहे म्हणे. ताईनं 'मी एकटी येणार नाही' म्हटल्यावर त्यानं तुला आणि रीमाला बोलावलं, असं कानावर आलं. हल्ली तुमच्याकडून विमानाची तिकिटं फार महाग झालीत. आमच्याकडून गाडीनं दीड तास.

ता. क. ३. मला बोलाव असं त्याला सांगू नकोस. एवढंच विचार, बाबा आले तर चालेल का. चूक माझी होती, ते मी स्वतः सांगेन. तो 'नाही' म्हणाला, तर मात्र मला कळवू नकोस. मी वाट बघत राहीन.